बोटीचं अळू

आषाढ लागला की माझ्या फाटकाशी कोणी ना कोणी थांबतंच. कातळ फोडून केलेल्या खड्ड्यातून वर आलेली, माणसाच्या डोक्यावरून जाणारी ती पानं मान वर करून बघतं आणि मग न चुकता विचारतं, “ह्याची भाजी होते का हो?” कोकणातला माणूस तो. हिरवं दिसलं की त्याला आधी पातेलं आठवतं. पूर्वी मी चिडायचे. आता शांतपणे सांगते, “झाली होती एकदा. सगळ्या भावकीनं खाल्ली होती.” पुढचं ऐकायला कोणाला सवड नसते, म्हणून लिहून ठेवते आहे.

ह्या वर्षी जरा उशिरा आलं. आधी मातीला तडा गेला, मग एक टोक दिसलं, आणि दोन-चार सरी जोरात कोसळल्यावर हातभर उंचीची घट्ट सुरळी उभी राहिली. ती सुरळी उलगडताना मी दरवर्षी खुर्ची टाकून बसते. काही दिसत नाही. चहा घ्यायला आत जावं आणि परत यावं, तर पान मोकळं झालेलं असतं. सूप, मग हारा, मग दाराची फळी, असं ते वाढत जातं. श्रावणात त्याच्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज घरात बोललेलं ऐकू येऊ देत नाही. देवाला वाहायला फूल नाही, तोंडात टाकायला फळ नाही, गुरं तोंड लावत नाहीत. नुसतं पान. मला ते तेवढ्यासाठीच आवडतं, हे सांगायला मी आता कोणाला भीत नाही.

माझे वडील आगबोटीवर सुकाणी होते. पहिली मोठी लढाई संपली आणि दर्यावरची ये-जा पुन्हा सुरू झाली, तेव्हा एका खेपेहून परतताना त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, ओल्या काथ्यात गुंडाळून एक कंद आणला. सिंगापुरात कुठल्याशा बंगल्यापुढं त्यांनी ती झाडं बघितली होती. “पान एवढां होतां,” दोन्ही हात फाकून ते सांगायचे, “की खाली मानूस निजतो.” घरातली माणसं हसून लोळली म्हणे. वडिलांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्यांनी विचारलं, “खायाचां काय आनलास?” वडील म्हणाले, “ह्यां बगायचां हाय.” त्यावर आबांनी कपाळाला हात लावला.

भाट्याच्या खाडीच्या अलीकडे, कातळाच्या उतारावर आमचं वेगळं घर होतं. आबांचं घर खाली, माडांत. वडिलांनी कंद परसात लावला नाही. परस म्हणजे कामाची जागा: केळी, अळू, मिरचीची चार रोपं. त्यांनी तो पुढच्या अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा लावला. नारळी पौर्णिमा झाली, बोटी पुन्हा चालू झाल्या, आणि बंदरावर पडावात चढताना ते आईला म्हणाले, “पुढल्या खेपेला येऊन बगतो केवढां झालां तां.” मी तेव्हा आईच्या कडेवर होते. ओल्या काथ्याचा वास मला आठवतो असं मी आयुष्यभर सांगत आले आहे. तो खरंच आठवतो की आईनं सांगून सांगून माझ्या नाकात बसवला, देव जाणे.

पुढची खेप झाली नाही. मुंबईहून येणारा प्रत्येक खलाशी वेगळी बातमी आणायचा. कोणी म्हणे वादळात गेले, कोणी म्हणे परक्या बंदरात बोट बदलली, एकानं तर त्यांना रंगूनच्या बाजारात पाठमोरं बघितलं होतं. पाठमोरा माणूस ओळखणाऱ्यांचा मला अजून राग येतो. हाक मारायला काय झालं होतं?

आईनं कोणाची बातमी घरात घेतली नाही. तिनं झाड वाढवलं. कातळावर झाड वाढवणं म्हणजे काय ते कातळावर राहणाऱ्यालाच कळेल. चार बोटं मातीखाली तांबडा चिरा. आईनं पहारीनं खड्डा रुंद केला. समुद्रानं टाकलेला शेवाळाचा कचरा, भाताचा कोंडा, चुलीतली राख, शेण, सगळं त्यात गेलं. मासळी धुतलेलं पाणी आमच्या घरात कधी वाया गेलं नाही, त्यामुळं अंगणाला बारा महिने बांगड्याचा वास असे आणि मांजरं पहाऱ्याला असत. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून आडवी व्हायची. उन्हाळ्यात खड्ड्यात काही आहे असं सांगूनही कोणाला पटलं नसतं. मोठा कंद जागेवर राहायचा आणि बाजूचे लहान कंद राखेत घालून चुलीवरच्या शिंकाळ्यात टांगलेले असायचे. पहिल्या वर्षांत पान तळहाताएवढंच येई आणि येणारेजाणारे विचारत, “काय गो येसू, निजला काय कोन खाली?” आई म्हणे, “वाढतांय.” गावानं त्याला नाव ठेवलं, बोटीचं अळू. वडील बोटीनं गेले आणि हे बोटीनं आलं, म्हणून.

ह्या सगळ्यात आईचं कपाळ हा गावाचा प्रश्न होऊन बसला होता. नवरा आहे तर कुंकू, नवरा नाही तर नाही. इतकी सोपी विभागणी लोकांना येत होती. आई दोन्हींत बसेना. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला बोलवावं तर लागे, कारण वडील गेल्याचं कोणी बघितलं नव्हतं. पण करंडा धरलेली बाई रांगेतून येता येता आईपुढं आली की तिचं बोट थबकायचं. कुंकवात बुडवलेलं ते बोट हवेत, आणि ती बाई घरच्या म्हातारीकडं बघायची, लावू की नको? मी आईला टेकून बसलेली असायचे. त्या थबकण्याएवढं लांब मी दुसरं काही बघितलेलं नाही. आई मात्र मान पुढं करायची. शेवटी बोट टेकायचं, पण घाईनं, जरा तिरकं. घरी आल्यावर आई आरशात बघून ते पुसायची आणि स्वतःच्या हातानं नीट, मोठं लावायची.

मग तो पावसाळा आला. तीसचं साल नुकतंच मागं पडलं होतं, मी गावातल्या शाळेत मराठी सहावीत होते, आणि वडिलांना जाऊन बारावं वर्ष होतं. आमच्याकडं बारा वर्षं माणसाचा पत्ता नाही लागला तर तो गेला असं धरतात. दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, सुतक पाळतात, भावकीला जेवण घालतात. माणूस रीतसर मरतो. मागं राहिलेल्या बाईनं काय काय उतरवायचं तेही रीतसर ठरलेलं असतं.

झाड त्या वर्षी जणू कोणाशी पैज लावल्यासारखं वाढलं. पानाचा देठ माझ्या दंडाएवढा. एका पानाखाली मी आणि माझी मैत्रीण पाटी भिजू न देता गणितं सोडवायचो. आणि त्याच पानांपुढं, एका दुपारी, आबा छत्री मिटून ओटीवर येऊन बसले. आई त्यांच्याशी समोर येऊन बोलत नसे, दाराआडून बोले. आबा वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगते. आमच्या घरात कधी भात कमी पडला तर त्यांच्याकडूनच येई. पण त्यांच्या मुलाचं लग्न पुढच्या मोसमात करायचं होतं, आणि सख्खा भाऊ धड जिवंत नाही, धड मेलेला नाही, अशा घरात मांडव घालायला त्यांचा जीव होत नव्हता.

“पितृपक्षाच्या आदी उरकून टाकू,” ते म्हणाले. “त्येलापन गती मिळंल.”

 आई बाहेर आली. पदर सारखा केला आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

“भावोजी, ते गेले ह्यां कोनी बगितलां?”

“बारा वर्सां झाली, येसू. आजून काय बगायचां राहिलां?”

“मग गेले म्हनायला तुमी मोकळे. तुमचे भाऊ ते. पुतळा करा, जाळा, मी आडवी येत नाय. मी येनार नाय, आनि कुकू पुसायची नाय.”

“लोक काय बोलतील?”

“बारा वर्सां बोलतातच हायत. त्यांचां तोंड आजून दुकलां नाय, माजां कपाळ कशाला दुकंल?”

आबा छत्री न उघडताच पावसात गेले.

त्या संध्याकाळी मी आईला विचारलं, तुला खरंच वाटतं का ते येतील? ती पानांवरची गोगलगाय उचलून भिंतीपलीकडं टाकत होती. म्हणाली, “नाय वाटत. येनारा मानूस बारा वर्सां लावीत नाय.”  मग हात धुता धुता म्हणाली, “पन माज्या कपाळाचां मी ठरवीन. ह्यांनी पुतळा जाळायचा आनि मी पुसायचां, ह्यां कोनी ठरवलां? मला तर कोन इचारीत नाय.”

लोकांना पुढं वाटत राहिलं की माझी आई आशेवर जगली. नवऱ्याची वाट बघणारी बाई म्हणून तिचं कौतुकही झालं. मला त्या कौतुकाचा तिटकारा आहे. ती वाट बघत नव्हती. कधीच सोडली होती तिनं वाट. तिनं फक्त नाही म्हटलं होतं, आणि नाही म्हणणाऱ्या बाईला कुठं ठेवायचं ते न कळल्यामुळं गावानं तिला वाट बघायला बसवलं.

पुतळा झाला. पाऊस होता, तरी रॉकेल ओतून व्यवस्थित जाळला. त्याच संध्याकाळी चार बायका आमच्या अंगणात आल्या. बांगड्या उतरवायला आल्या होत्या. बोलल्या मात्र पावसाबद्दल. आई कोयती घेऊन अळूची खालची पिवळी पानं छाटत होती. तिनं थांबून बघितलं नाही. पान पडे, ती दुसऱ्याला हात घाली. ओल्या काचेच्या बांगड्या कोयतीबरोबर वाजत होत्या. बायका पानाखाली आडोशाला उभ्या राहिल्या, तरी थोड्या भिजल्याच, आणि “येतो गो” म्हणून गेल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा गावातलं मोठं माणूस त्या झाडाखाली थांबलं होतं आणि हसलं नव्हतं.

सुतकाचे दिवस सरले आणि आबांच्या घरी भावकीचं जेवण ठरलं. आमच्याकडं अळूच्या फदफद्याशिवाय पंगत होत नाही. लग्न असो की श्राद्ध. आणि त्या वर्षी खालच्या आगरातल्या अळूची किडीनं पार चाळण करून टाकली होती. सकाळी आबांची बायको, जिला मी मोठी आय म्हणायचे, विळी आणि टोपली घेऊन चढण चढून आली. आई चुलीच्या वैलावर भात ठेवत होती. मोठी आय सरळ झाडाकडं गेली आणि कोवळ्या सुरळ्यांना हात घातला.

आई धावत बाहेर आली. “वयनी, तां खायाचां अळू नाय. घसा धरंल.”

मोठी आय कंबरेवर हात ठेवून वळली. “अळू अळूच असतां. आमसुलां घातली की खाज मरते. मला शिकवतेस?”

“ह्याची मरत नाय. माजां आयका.”

“सरळ बोल ना, द्यायचां नाय. जेवनाला येनार नाय, कुकू पुसनार नाय, आनि आता नवऱ्याच्या नावानं चार पानांपन हातून सुटत नायत तुज्या?”

आईचा चेहरा मला अजून दिसतो. इतके दिवस ती प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत आली होती, आणि आता खरोखरीच्या नाहीवर कोणाचा विश्वास बसत नव्हता. ती बाजूला झाली. “मी सांगितलां,” ती म्हणाली. “आता कापा.”

मोठ्या आयनं टोपली भरली. कापतानाच तिच्या हातांना खाज सुटलेली मी बघितली. तिनं खोबरेल मागितलं, आईनं वाटी पुढं केली, आणि हात चोळत मोठी आय उतारावरून खाली गेली.

मी पंगतीला होते. आईनंच पाठवलं. “तुजा बाप हाय, तू जा,” म्हणाली, “अळू वाडलां तर नको म्हन.” पानावर भात आला, वरण आलं, आणि ते दाट हिरवं फदफदं आलं, वर खोबऱ्याचे काप, शेंगदाणे. वासाला फर्मास. भावकीचे पंचवीस-तीस बाप्ये भुरके मारत बसले. पहिला घास सगळ्यांचा सुखानं गेला. मग एक ठसका ऐकू आला. कोणी म्हणालं मिरची लागली, म्हणून वर आणखी फदफदं ओढलं. मग दुसरा ठसका, मग सगळी रांग. पाणी प्यायले तर आणखी वाढलं. कोणी गूळ मागतंय, कोणी आमसूल चोखतंय, कोणी नुसतंच तोंड उघडं टाकून बसलंय. एक जण गळ्याला दोन्ही हातांनी धरून अंगणात फिरत होता. आबांनी यजमान म्हणून सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून जास्त खाल्लं होतं. त्यांचा आवाज तेव्हा जो बसला तो पुढं बरेच दिवस उठला नाही. मला हसू येत होतं आणि बापाच्या श्राद्धाला हसायचं कसं म्हणून मी भातात तोंड घालून बसले.

एकही पान पुरं झालं नाही. भात, वरण, खीर, सगळं तसंच. तेव्हा भावकीतले सर्वांत थोरले तात्या, ज्यांनी दात नसल्यामुळं दोनच घास खाल्ले होते, घोगऱ्या आवाजात म्हणाले, “त्यानं जेवू दिलान नाय.”

सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं.

“जित्या मानसाच्या नावानं जेवलां तर आसांच व्हायचां. घास खाली उतरत नाय, म्हंजे मानूस वर गेलेला नाय.”

मी मोठ्या आयकडं बघितलं. ती सैपाकघराच्या दारात उभी होती, लाल झालेले हात पदराखाली. भाजी कुठली हे तिला ठाऊक होतं. आईनं काय सांगितलं होतं तेही. क्षणभर तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मग दोन्ही हात जोडून छपराकडं बघत म्हणाली, “खरां हाय, तात्यानू. येसूच्या तोंडून देवच बोलत होता.”

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की फुंकणं राहून चुलीतला जाळ विझला. मग म्हणाली, “कोनाला काय सांगू नको. वयनीला जाच होईल.” म्हणून आम्ही गप्प राहिलो. मोठी आय मात्र गप्प राहिली नाही. तिच्या रांधण्याला नावं ठेवली जाऊ नयेत म्हणून तीच ती हकिगत घरोघर सांगत सुटली, आणि प्रत्येक वेळी वडील आणखी जिवंत होत गेले. पुढच्या मोसमात तिच्या मुलाची हळद दळायला बसलेल्या सवाष्णींत आई पहिली होती. कुंकवात बुडवलेलं बोट पुन्हा कधी तिच्यापुढं थबकलं नाही.

बोटीनं येणारा प्रवासी कमी झाला, बंदर सुनं पडत गेलं, मी शिकले, मास्तरीण झाले, केस पांढरे झाले. वडील आले नाहीत. झाड मात्र दर आषाढात येत राहिलं आणि एका पावसाळ्यात त्याचं पान खरंच इतकं झालं की आईनं त्याच्याखाली घोंगडी टाकली, आडवी झाली आणि मला हाक मारून म्हणाली, “बग, निजला मानूस.” बराच वेळ ती उठली नाही. डोळे मिटलेले होते आणि त्यांतून पाणी येत होतं. मी आत निघून आले.

आई गेली तीही पावसातच. आबा तिच्या कितीतरी आधी गेले होते. तिला न्हाऊ घातलं आणि मग बायकांचे हात थांबले. हिरवं लुगडं की पांढरं? कुंकू लावायचं की नाही? आता तिचा नवरा जिवंत असता तर नव्वदीच्या पुढं असता. भावकीतली एक शिकलेली सून हळूच म्हणाली, त्या जुन्या पंगतीच्या गोष्टीवर किती दिवस जायचं? आणि मला ते बोट दिसलं, हवेत थबकलेलं, इतक्या वर्षांनी पुन्हा. मी करंड्याकडं हात नेला, तोच दारात काठी वाजली.

मोठी आय होती. वाकून जमिनीला टेकलेली, डोळ्यांनी अधू, नातवाच्या खांद्याला धरून ती चढण चढून आली होती. कोणी तिला बसायला पाट दिला, तो तिनं काठीनं सारला.

“ती पंगत माज्या हातची,” ती म्हणाली. “त्यानं जेवू दिलान नाय नि काय नाय. पान खाजरां होतां. येसूनं मला सांगितलां होतां, दोनदा सांगितलां होतां. मी आयकलां नाय, आनि मागाहून देवाच्या नावावर खपवलां.”

 आता ती कुंकू नको म्हणणार, असंच मला वाटलं. माझा हात करंड्यावर घट्ट झाला. तिनं चाचपडत माझा हात शोधला, करंडा काढून घेतला, त्यात आख्खा अंगठा बुडवला आणि आईच्या कपाळावर टेकवला. मोठं, ठळक, बरोबर मधोमध.

“ह्यां तिच्या नवऱ्याचां नाय,” ती म्हणाली. “ह्यां तिचां हाय. कोनाला काय बोलायचां असंल, तर त्यानं आदी भायर जाऊन त्या पानाची भाजी खावी.”